एआयच्या पुरात घरची गिटार: स्वस्तात चांगलं रेकॉर्डिंग करायचं तर आधी खोलीकडे बघा

डीझर या फ्रेंच म्युझिक स्ट्रीमिंग कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये एक आकडा जाहीर केला. तेव्हा त्यांच्याकडे रोज अपलोड होणाऱ्या गाण्यांपैकी सुमारे ३४ टक्के, म्हणजे दिवसाला जवळपास ५० हजार गाणी, पूर्णपणे एआयने बनवलेली होती. सोबत ८ देशांतल्या ९ हजार लोकांची पाहणीही होती. त्यातल्या ९७ टक्के लोकांना एआयचं गाणं कोणतं आणि माणसाचं कोणतं, हे ओळखता आलं नाही. त्याआधी सप्टेंबरमध्ये स्पॉटिफायने वर्षभरात साडेसात कोटींहून जास्त स्पॅम ट्रॅक काढून टाकल्याचं सांगितलं होतं.

आता लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत एखादा पोरगा गिटार वाजवतो, स्वतःची चाल बांधतो, मोबाईलवर रेकॉर्ड करतो. ऐकून बघतो तर आवाज डब्यातून आल्यासारखा. मग लातूरला चाळीसेक किलोमीटर जाऊन तासावर पैसे घेणाऱ्या स्टुडिओत रेकॉर्ड करायचं, की ॲपमध्ये दोन ओळी टाईप करून एका मिनिटात चकाचक गाणं बनवायचं? हा प्रश्न आज खरा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चकचकीत आवाज आता फुकटात मिळतो, त्यामुळे निव्वळ चकचकीतपणाला किंमत राहिलेली नाही. किंमत आहे ती तुमच्या हाताला, तुमच्या चालीला. तुमचं रेकॉर्डिंग फक्त इतकं स्वच्छ हवं, की ऐकणाऱ्याचं लक्ष आवाजातल्या दोषाकडे न जाता वाजवण्याकडे जाईल. आणि तेवढं आज घरात जमतं.

यंत्रं स्वस्त झाली, मग अडतं कुठे?

घरी रेकॉर्डिंग ही काही नवी गोष्ट नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ सालचा 'नेब्रास्का' हा अल्बम अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये, भाड्याच्या घरातल्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केला. साधन काय, तर कॅसेटवर चालणारा चार ट्रॅकचा टॅस्कम पोर्टास्टुडिओ आणि शुअर कंपनीचे एसएम५७ हे दोन माईक. नंतर स्टुडिओत बँडसोबत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण शेवटी ती घरची कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये यावर सिनेमाही आला.

तेव्हा चार ट्रॅक मिळायचे. आज साध्या लॅपटॉपवर शंभर ट्रॅक चालतात. बँडलॅब मोबाईलवरही फुकट आहे. रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं आणि वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरला मिळतं. एसएम५७ हा माईक १९६५ पासून बाजारात आहे आणि अजून तसाच विकला जातो. गिटार आणि माईक लॅपटॉपला जोडणारा साधा ऑडिओ इंटरफेस पाच हजारांच्या आसपास येतो.

म्हणजे यंत्रांचा प्रश्न बराचसा सुटला आहे. पण 'नेब्रास्का'च्या गोष्टीत एक बारीक तपशील आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. त्या बेडरूममध्ये जमिनीवर लांब धाग्यांचा जाड गालिचा होता, म्हणून खोलीत आवाज घुमत नव्हता. आपल्याकडे नेमकं तिथेच अडतं.

किल्लारीची खोली वेगळी का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. जुनी घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची होती. वर लाकूड आणि त्यावर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. ते वजनच लोकांच्या अंगावर आलं. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची भूकंपरोधक घरं मिळाली.

जुन्या घरात जाड भिंतींमुळे बाहेरचा आवाज आत कमी यायचा आणि खडबडीत माती आतला आवाज काही प्रमाणात पिऊन टाकायची. नव्या घरात सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आल्या. असा पृष्ठभाग अंगावर आलेल्या आवाजातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो. जीव वाचवणाऱ्या घराबद्दल ही तक्रार नाही. पण रेकॉर्डिंग करायचं तर ही गोष्ट धरूनच चालावं लागतं. आणि आता फक्त किल्लारीच कशाला, नांदेड-लातूरकडच्या बहुतेक नव्या स्लॅबच्या घरांची हीच स्थिती आहे.

ए तारेची घूम

थोडं गणित करू. दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट, म्हणजे साधारण ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज अडकून उभा राहतो, तो आधी ५६ हर्ट्झला आणि मग त्याच्या दुप्पट, म्हणजे ११२ हर्ट्झला. आता गिटारची पाचवी तार, ए, मोकळी वाजवली तर ११० हर्ट्झ देते. त्यात मोठ्या अकूस्टिक गिटारची पोकळी स्वतःच १०० हर्ट्झच्या आसपास जास्त घुमते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असल्याने खोली तोच सूर तीनदा उचलते.

म्हणून ए किंवा जी कॉर्ड धरली की रेकॉर्डिंगमध्ये 'घुंऽऽ' येतं. माईक बदलून हे जात नाही. उलट महागडा कंडेन्सर माईक खोलीची घूम जास्त इमानदारीने पकडतो!

घरातल्या घरात काय करायचं?

१. टाळी वाजवून बघा. रिकाम्या खोलीत टाळीनंतर 'टर्रर्र' असा शेपटीसारखा आवाज आला, तर तोच गिटारमागेही येणार.

२. जागा बदला. खर्च शून्य. ११२ हर्ट्झचा जोर भिंतीपाशी आणि खोलीच्या बरोबर मधोमध सर्वात जास्त असतो. भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे दहा फुटांत अडीच फुटांवर, तो सर्वात कमी. दोन्ही भिंतींपासून साधारण अडीच फुटांवर माईक ठेवा. खाली बसून नाही, खुर्चीवर बसून वाजवलं तर उंचीही आपोआप तेवढीच येते.

३. गाद्या आणि वाकळा बाहेर काढा. कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा. वाकळ किंवा गोधडी दोरीवर टाका, पण भिंतीला चिकटवू नका, चार-पाच इंच अंतर ठेवा. त्या अंतरामुळे ती आणखी खालचे सूर शोषते. खाली सतरंजी हवीच. अंड्याचे ट्रे लावून विशेष काही होत नाही. आणि या भागात एक गोष्ट लक्षात ठेवा: डोक्यावर जड पाट्या, फ्रेम असलं काही टांगू नका.

४. माईक भोकासमोर नको. गिटारच्या बाराव्या पट्टीकडे तोंड करून, २० ते ३० सेंटीमीटरवर ठेवा. भोकासमोर ठेवला तर पोकळीची सगळी घूम आत जाते.

५. विजेची गुणगुण ओळखा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसेल तर इलेक्ट्रिक गिटारमध्ये 'हम्म' येतं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातं. लोडशेडिंगला आपण शिव्या देतो, पण तेव्हा पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारचा टीव्ही बंद. इंटरफेस लॅपटॉपवरच चालतो. याहून शांत स्टुडिओ नाही.

६. लेव्हल हळू ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागला की तो टेक गेला. शेवटी फार मोठ्याने मास्टर करूनही उपयोग नाही. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठी गाणी साधारण उणे १४ लुफ्सपर्यंत खाली आणतात.

मग स्टुडिओ कशाला?

स्टुडिओ लागतोच, पण योग्य कामाला. ढोलकी, ड्रम, तबला यांसाठी मोठी, सांभाळलेली खोली लागते. मिक्सिंगला अनुभवी कान लागतो. गिटार घरी दहा टेक घेऊन, त्यातला चांगला निवडून न्या. घड्याळाकडे बघत वाजवलेला टेक आणि निवांत वाजवलेला टेक यात फरक पडतो. स्टुडिओतून निघताना प्रत्येक वाद्याची वेगळी डब्ल्यूएव्ही फाईल मागून घ्या, नुसत्या एमपी३ वर समाधान मानू नका. मी स्वतः एका ठिकाणी मूळ फाईल मागितल्या तर 'डिलीट झाल्या' असं उत्तर मिळालं. तेव्हापासून पेनड्राईव्ह सोबतच असतो.

या फाईलींना पुढे आणखी महत्त्व येईल असं मला वाटतं. गाणं माणसाने केलं की मशीनने, हा प्रश्न प्लॅटफॉर्म आता विचारू लागले आहेत. डीझर एआय गाण्यांवर तसं लेबल लावतं, स्पॉटिफायनेही एआयचा वापर कुठे झाला हे क्रेडिटमध्ये दाखवण्याची सोय जाहीर केली आहे. अशा वेळी तुमचे चुकलेले, अर्धवट सोडलेले टेक हाच तुमचा पुरावा. ते पुसू नका.

दहा हजार रुपये हातात असतील तर माझा हिशोब असा: निम्मे इंटरफेसला, उरलेल्यात साधा डायनॅमिक माईक, केबल आणि स्टँड. खोलीसाठी घरातल्या गाद्या पुरतात. पैसे नसतील तर फक्त मोबाईल घ्या, पण खोलीचं काम तरीही करा. दोन गाद्या आणि एका वाकळेमध्ये घेतलेलं मोबाईलचं रेकॉर्डिंग मोकळ्या सिमेंटच्या खोलीतल्या महाग माईकपेक्षा कानाला बरं लागतं. आज रात्री एकदा गाद्यांशिवाय आणि एकदा गाद्यांसह तीच ए कॉर्ड रेकॉर्ड करून बघा, दोन्ही इअरफोनवर ऐका. पुढचा पैसा कुठे घालायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.