एकट्या स्वाराला अडवू नका

गेल्या आठवड्यात आमच्या इंझोरीतली एक आई घरी आली. "सर, तो तुमचं ऐकतो. त्याला जरा समजवा." तिचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्याला मोटारसायकलवर एकट्याने लडाखला जायचंय. मी त्याला अडवायला गेलो नाही. तिच्याशी जे बोललो, तेच इथे लिहितो.

तिची पहिली भीती डोंगराची, आणि ती रास्त आहे. आपला वाशिम जिल्हा समुद्रसपाटीपासून चार-पाचशे मीटरवर, तर लेह साडेतीन हजारांवर. पुढे खार्दुंगला खिंडीतली जुनी पाटी 18,380 फूट सांगायची. प्रत्यक्षात उंची सुमारे 17,580 फूट. तिथे हवेचा दाब जवळपास निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. डोकं दुखतं, मळमळतं. दुर्लक्ष केलं तर फुफ्फुसात पाणी साचून जीवही जातो. इथे मर्दानगी चालत नाही. लेहला पोचल्यावर दोन दिवस आराम करायचा आणि त्रास वाढला की मुकाट खाली उतरायचं.

बुखारीतल्या एका हदीसमध्ये रात्री एकट्याने स्वारी करण्यापासून सावध केलं आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तिचा रोख धोक्यावर आहे. म्हणून अंधाराआधी मुक्काम आणि रोज घरी फोन. पण ज्या दीनने मुसाफिराची चार रकातींची नमाज दोन केली, रोजा पुढे ढकलायची सूट दिली, जकातीत त्याचा हिस्सा ठेवला, त्या दीनला माणसाने घराबाहेर पडणं अपेक्षितच आहे.

दुसरी भीती तिने हळू आवाजात सांगितली. "वाटेत कुणी नाव विचारलं तर?"

ही भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. बातम्या तीही ऐकते, मीही वाचतो. पण एकट्याने जाण्याचं मोल मला इथेच दिसतं. दहा गाड्यांच्या ताफ्याला बाहेरच्या कुणाची फारशी गरज पडत नाही. एकट्याला मात्र बैतूलला पंक्चर काढायला, ग्वाल्हेरला खोली शोधायला, मनालीत रस्त्याची खबर घ्यायला अनोळखी माणसाकडेच जावं लागतं. त्या माणसालाही मराठी बोलणारा वाशिमचा मुसलमान कदाचित पहिल्यांदाच भेटेल. दोघांनी एकमेकांच्या लोकांबद्दल जे ऐकलेलं असतं, ते तपासून पाहायची संधी मिळेल. सगळीकडे चांगलाच अनुभव येईल, याची हमी नाही. पण घरी बसून तर ही भीती कधीच कमी होणार नाही. ती आपण पुढच्या पिढीला देऊन जाऊ.

खार्दुंगला ओलांडून गेलं की नुब्रा भागात, सीमेजवळ, तुर्तुक हे बाल्टी मुसलमानांचं गाव आहे. 1971 च्या युद्धात ते भारताकडे आलं आणि कित्येक कुटुंबांतली माणसं सीमेपलीकडे राहिली. त्या गावात एक वेळ जेवून ये, लोकांशी बोल, एवढं मी माझ्या विद्यार्थ्याला सांगणार आहे. खिंडीतल्या पाटीजवळचा फोटो काय, सगळेच काढतात.

त्याच्या आईने अजून हो म्हटलेलं नाही. मात्र जाताना तिने विचारलं, "सर, तिकडे थंडी किती असते?"