आधी पंखा, मग कपडा

रत्नागिरीत पाऊस लागला की भाट्याच्या पुलावरून पहाटे पावसकडे निघणाऱ्या सायकली कमी होतात. रस्ता निसरडा, खड्डे पाण्याने भरलेले, समोरच्या गाडीचे दिवे पावसात फाकलेले. अशा वेळी घरी थांबणे शहाणपणाचेच आहे. मग कुणाच्या पडवीत सायकलचे मागचे चाक ट्रेनर नावाच्या स्टँडवर चढते, कुणी व्यायामशाळेतली जागच्या जागी फिरणारी सायकल धरतो. दहा मिनिटांत बनियन पिळून काढावे इतके भिजते आणि प्रश्न पडतो, या व्यायामाला अंगात घालायचे तरी काय?

याचे तयार उत्तर बहुतेकांनी ऐकलेले असते: सुती नको, घाम शोषून बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा कपडा घ्या, म्हणजे अंग थंड राहील. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा रत्नागिरीत फारसा लागू पडत नाही, आणि तो का पडत नाही हे समजल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

सायकल चालवताना शरीर जी ऊर्जा जाळते, तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो. उरलेली उष्णता होते. पेडलवर 100 वॅटचा जोर लावणारा माणूस 300 ते 400 वॅट उष्णता अंगातून बाहेर टाकत असतो. ती नेण्याचे मुख्य काम घामाचे. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते. तोच घाम हनुवटीवरून फरशीवर ठिबकला तर जवळजवळ काहीच जात नाही. रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरने जाताना समोरचा वारा हे काम फुकट करून देतो. खोलीत तो वारा नसतो. त्यात रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैतली हवा आधीच पाण्याने भरलेली असते. अशा हवेत कितीही महागडा कपडा घाम कातडीवरून उचलून आपल्या बाहेरच्या अंगावर आणील. तिथून पुढे तो जाणार कुठे?

म्हणून आमचे मत असे, की पहिला खर्च पंख्यावर करावा. छताचा नव्हे, समोरून छातीवर झोत येईल असा टेबल किंवा पायावर उभा राहणारा. खिडकी उघडी ठेवावी आणि अंगात कमीत कमी कपडे असावेत. पुरुषाने घरात उघड्या अंगाने सायकल चालवायला काहीच हरकत नाही. हँडलवर मात्र पंचा टाकावा. घामातले मीठ सायकलच्या स्क्रूंना आणि सांध्यांना गंजवते, आणि खाऱ्या हवेच्या गावात लोखंडाची आधीच काय गत होते हे सांगायला नको.

मग कपड्याचे काम काय? दोन. काचू नये, आणि उद्यापर्यंत वाळावा.

रस्त्यावर माणूस खड्डा आला की उठतो, वळणावर कलतो, उतारावर पाय थांबवतो. ट्रेनरवर तो तासभर एकाच जागी दाबून बसतो. त्यामुळे सगळ्यात जास्त लक्ष वरच्या टी-शर्टकडे नव्हे, खालच्या चड्डीकडे द्यायला हवे. आतून पॅड शिवलेली, मांडीला घट्ट बसणारी सायकलची चड्डी घ्यावी आणि तिच्या आत दुसरे काही घालू नये. आतल्या कपड्याची शिवणच जांघेत काचते. पॅड असलेली चड्डी थेट अंगावर घालण्यासाठीच असते. व्यायाम संपल्यावर त्याच ओल्या चड्डीत चहा पीत, फोन पाहत बसण्याची सवय फार वाईट. पावसाळ्यात घरोघरी दिसणारे गजकर्ण अशाच उबदार, ओल्या जागी फोफावते. मग औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले जाते, खाज तेवढी थांबते, बुरशी पसरत राहते आणि चार दिवसांचे दुखणे चार महिने चालते. चट्टा दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांकडेच जावे. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात चारचौघे वावरत असतात म्हणून सैल सलवार आणि वर ओढणी घेऊन सायकलवर बसणाऱ्या अनेक जणी असतात. ट्रेनरवरच्या सायकलची साखळी उघडी असते. व्यायामशाळेतल्या अनेक सायकलींत तर जड चाक पेडलला थेट जोडलेले असते. पाय थांबवले तरी ते लगेच थांबत नाही, पायांना ओढत राहते. त्यात ओढणीचे टोक किंवा बुटाची सुटलेली नाडी सापडली तर सावरायला वेळ मिळत नाही. अंगाबरोबरची लेगिंग, आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा, वर आखूड कुर्ता किंवा टी-शर्ट पुरेसे आहे. हे घरातल्या इतरांनी समजून घ्यावे. व्यायाम करणारीने संकोच करत बसू नये.

आता वाळण्याचे. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा नुसता धरून असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. आपल्याकडे कृत्रिम धाग्याची खरी किंमत इथे आहे. त्याचा दोषही मोठा: घामाचा वास त्याला धरून बसतो. तेव्हा कपडा काढल्याबरोबर धुवावा, चड्डी उलटी करून, साध्या साबणाने. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो. कोरड्या पंच्यात गुंडाळून दाबून पाणी काढावे, पंख्याखाली टाकावे, इस्त्री फिरवू नये. पॅड सगळ्यात शेवटी वाळते, आणि बाहेरून कोरडे लागले तरी आत ओल राहते. म्हणून रोज सायकल चालवणाऱ्याला पावसाळ्यात दोन चड्ड्या कमी पडतात, तीन लागतात. पण तिन्ही एकदम घेऊ नयेत. एक आणावी, भर जुलैत रात्री धुऊन टाकावी आणि सकाळी पॅड दोन बोटांत दाबून पाहावे. कोरडे लागले तर तशाच आणखी दोन घ्याव्यात.