फाटकाबाहेरच्या स्कूटरी

कल्याणचे बिर्ला किंवा डोंबिवलीचे पेंढरकर यांसारख्या, रेल्वे स्थानकापासून दूर वसलेल्या महाविद्यालयांच्या आवारात विद्यार्थ्यांच्या स्कूटरींना सरसकट मज्जाव करणे, शिस्तीच्या दृष्टीने कितीही सोयीचे भासले तरी, मला न्याय्य वाटत नाही. अकरावी-बारावीची गोष्ट निराळी : १९८८ चा मोटार वाहन कायदा सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्याच दुचाकीस अनुमती देतो, आणि लुनासारख्या मोपेडचा जमाना सरल्यावर आजच्या शंभर सीसींहून अधिक क्षमतेच्या स्कूटरीवर अल्पवयीन मूल सापडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना पंचवीस हजारांचा दंड व तीन वर्षांपर्यंत कैद संभवते, तेव्हा फाटकावर परवान्याची तपासणी अवश्य व्हावी. परंतु सज्ञान, परवानाधारक विद्यार्थ्याची गाडी आत न घेतल्याने ती नाहीशी होत नाही, शेजारच्या सोसायटीच्या दाराशी उभी राहते, आणि तिथल्या रहिवाशांची तक्रार मात्र (हे साहजिकच!) कुठल्याच प्राचार्यांच्या दप्तरी दाखल होत नाही. मनाईचा हुकूम काढण्यापूर्वी व्यवस्थापनाने महापालिकेच्या परिवहन सेवेकडे तासिकांच्या वेळी बस मागावी.