तहान लागण्यापूर्वीची विहीर

१४ मे २०२१ च्या पहाटे आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवर, म्हणजे एचएसईवर, 'कॉन्टी' टोळीने रॅन्समवेअरचा हल्ला केला. देशभरातील संगणकयंत्रणा बंद करावी लागली. रुग्णालयांचा कारभार कागद-पेनावर आला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेला पीडब्ल्यूसीचा अहवाल माझ्या व्यवसायातील प्रत्येकाने वाचावा असा आहे. १८ मार्च रोजीच एका संगणकावर फसव्या ईमेलमधील एक्सेल फाइल उघडली गेली होती. पुढील आठ आठवडे हल्लेखोर आतच होते. धोक्याच्या सूचनाही मिळाल्या होत्या. परंतु सायबर सुरक्षेची जबाबदारी वरिष्ठ पातळीवर कोणा एकाकडे नव्हती आणि अशा प्रसंगासाठी लिहून ठेवलेली कार्यपद्धतीही नव्हती. २० मे रोजी टोळीने खंडणीविनाच कुलपाची किल्ली दिली. तरी सारे सर्व्हर पूर्ववत होण्यास सप्टेंबर उजाडला.

हा हल्ला संस्थेच्या स्वतःच्या यंत्रणेवर होता. क्लाउडवर गेल्यास काळजी मिटते, असा समज मात्र भाबडा आहे. कंपनी इमारत आणि यंत्रे सांभाळते. कोणाला प्रवेश द्यायचा, सोडून गेलेल्याचे खाते केव्हा बंद करायचे, हे आपल्याकडेच राहते. प्रवेशाच्या नोंदीही ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. त्या आधी कोण जतन करणार? वैयक्तिक माहिती फुटल्यास व त्यातून लोकांना धोका संभवत असल्यास, कळल्यापासून ७२ तासांत डेटा संरक्षण आयोगाला कळवावे लागते. ते तास 'हे काम कोणाचे' या वादात जाऊ नयेत, म्हणून संस्था आराखडा आधी लिहितात.

आपल्या मंडळाची सभासदयादीही क्लाउडवरच आहे: नावे, पत्ते, मुलांची वये. यादीत नाव असणे म्हणजेच आपली धार्मिक ओळख. युरोपीय कायदा तिला विशेष संरक्षण देतो. कार्यालयातील भारतीय सहकाऱ्यांपुढे आडनावाचा विषय टाळणारे आपल्यात कमी नाहीत. पासवर्ड बदलता येतो, उघड झालेली जात पुन्हा झाकता येत नाही.

"आपल्याकडे कोण येणार चोरी करायला?" असे समितीत एका ज्येष्ठांनी विचारले. तरीही एक पान तयार झाले: खाती कोण बंद करील, नोंदी कोण जतन करील, आयोगाला कोण कळवील. ते कागदावर छापून तिघांच्या घरी ठेवले आहे. सभासदांना फोन कोण करील, त्या रकान्यात अद्याप नाव नाही.