शेवटच्या घटकेचे प्रायश्चित्त

कथेच्या अखेरीस दुष्टांचे निर्दालन झाले म्हणजे तोपर्यंत जे जे काही दाखविले ते सारे आपोआप पावन होते, असा एक सिद्धांत चित्रपटांच्या चर्चेत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. विशेषतः १९७० नंतरच्या दशकात इटलीत अल्प भांडवलावर बंदिवासाचे व सूडाचे जे चित्रपट निघाले, त्यांच्या पुरस्कर्त्यांची सारी भिस्त ह्या एका सिद्धांतावर आहे. ज्यांना त्या काळी कोणी विचारीत नव्हते असे हे पट आता धुऊनपुसून नव्या तबकड्यांवर विक्रीस येतात, आणि ‘हे वस्तुतः स्त्रीच्या बंडाचे चित्र आहे’ अशी ग्वाही देणारे पंडितही त्यांच्या पाठोपाठ येतात. ही ग्वाही खोटी आहे असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते एकाच पटाच्या आधारे आम्ही येथे मांडणार आहोत.

१९७८ साली फ्रांचेस्को प्रॉस्पेरी ह्यांनी दिग्दर्शित केलेला ‘ला सेत्तिमा दॉन्ना’, म्हणजे ‘सातवी स्त्री’, हा तो पट होय. इंग्रजी बाजारात तो ‘समुद्रकाठचे शेवटचे घर’ अशा अर्थाच्या नावाने गेला. वेस क्रेव्हन ह्यांच्या १९७२ सालच्या गाजलेल्या अमेरिकन पटाच्या नावावर ते नाव उघडउघड बेतलेले आहे, आणि माल कोणत्या गिऱ्हाइकासाठी होता हे सांगावयास तेवढे पुरे आहे. कथानक चार ओळींचे. बँक लुटून पळालेले तिघे दरोडेखोर सागरतीरावरील एका एकाकी बंगल्यात आसरा घेतात. तेथे एक ख्रिस्ती संन्यासिनी आपल्या तरुण विद्यार्थिनींसह राहत असते. दरोडेखोर त्यांना कोंडून ठेवतात, त्यांची विटंबना करतात, रक्तही सांडतात. आणि अखेरीस सहनशक्तीचा अंत झालेल्या त्या मुली उलटून टोळीच्या म्होरक्याला मारून मारून ठार करतात.

ह्या पटात गुण मुळीच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. संन्यासिनीचे काम करणाऱ्या फ्लोरिंडा बोल्कान ह्या १९७० साली एलिओ पेत्री ह्यांच्या सुप्रसिद्ध पटात चमकलेल्या समर्थ नटी. येथेही त्यांच्या निग्रही मुद्रेत श्रद्धा व संताप ह्यांची झुंज क्षणभर दिसून जाते. म्होरक्या झालेल्या रे लव्हलॉक ह्यांच्या देखण्या, सौम्य चेहऱ्याचा उपयोगही हुशारीने केला आहे. सभ्य दिसणारा मनुष्य आपल्या रांगड्या साथीदारांहून तसूभरही बरा नाही, हे हळूहळू उघड होते. परंतु पिठात चार दाणे केशराचे पडले म्हणून त्याची केशरी जिलबी होत नाही. प्रश्न आहे तो एकंदर पाकाचा.

आणि ह्या पाकातच विष आहे. मुलींवरील अत्याचाराच्या प्रसंगी चित्राची गती मुद्दाम मंद केली जाते. जो क्षण लवकर सरावा असे पीडितेस वाटते तोच लांबविला जातो! तो लांबविण्याने कोणाची सोय होते? पीडितेची खचित नव्हे. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात रसाभास नावाची संज्ञा आहे. रती एकाच बाजूस असेल, तर तो शृंगार नसून शृंगाराचा आभास होय, असे सांगताना शास्त्रकार रावणाच्या सीतेविषयीच्या अभिलाषेचे उदाहरण देत आले आहेत. अशोकवनातील प्रसंग कोणत्याही सहृदयाने रावणाच्या डोळ्यांनी पाहावा अशी कवीची इच्छा नाही. येथे मात्र प्रेक्षकास बसावयास दिलेली जागा रावणाचीच आहे. पुढे शेवटच्या घटकेस त्याला त्या जागेवरून उठवून मुलींच्या हातात काठ्या दिल्या, म्हणून आधी बसवले होते हे पुसले जात नाही. पाप करण्यापूर्वीच प्रायश्चित्ताची दक्षिणा भटजींच्या हातावर ठेवणारा यजमान जेवढा धार्मिक, तेवढाच हा पट न्यायप्रिय.

पुरस्कर्ते ह्यावर थोरामोठ्यांची नावे पुढे करतात. शेक्सपिअरने सूडाची नाटके लिहिली नाहीत काय, असे ते विचारतात. लिहिली, आणि ‘टायटस अँड्रॉनिकस’ ह्या त्याच्या सर्वांत रक्तलांछित नाटकात लॅव्हिनियेवरील अत्याचार रंगभूमीवर घडतच नाही. जीभ व हात छाटलेली ती मुलगी नंतर आपल्यासमोर येते, आणि वाळूत काठीने अपराध्यांची नावे लिहिते. जो कवी अंगच्छेद दाखविण्यास कचरला नाही, त्याने ही एक गोष्ट पडद्याआड ठेवली, ह्यात भीरुता नसून विवेक आहे.

दुसरे नाव बर्गमन ह्यांचे. १९६० सालचा त्यांचा ‘कुमारीचा झरा’ हा स्वीडिश पट एका मध्ययुगीन लोकगीतावर रचलेला आहे. क्रेव्हन ह्यांनी आपले कथानक त्यावरून घेतले, आणि क्रेव्हन ह्यांच्या वाटेने इटालियन मंडळी चालली. वंशावळ खरी आहे, परंतु वारसा मात्र हरवला. बर्गमन ह्यांच्या पटात मुलीचा बाप अपराध्यांना ठार करतो तेव्हा त्यांच्याबरोबरचा एक निरपराध पोरही त्याच्या हातून मरतो. मग तो बाप आपल्या हातांकडे पाहतो, देवाला जाब विचारतो, आणि त्याच हातांनी देऊळ बांधण्याची शपथ घेतो. तेथे सूड हा प्रश्नाचा आरंभ आहे. ‘सातव्या स्त्री’त तो हिशेबाची अखेर आहे. माणसे मारून झाल्यावर त्या मुली कोण उरल्या, त्या संन्यासिनीने आपल्या देवाला काय सांगितले, हे विचारण्याची गरज दिग्दर्शकास वाटत नाही; कारण त्या कोण होत्या हेच त्याने मुळात विचारलेले नाही.

येथे आम्ही वाद्याच्या मर्मस्थानी आलो. त्या वेळी इटलीत लागू असलेल्या १९३० च्या दंडसंहितेत बलात्कार हा व्यक्तीविरुद्धचा अपराध गणलेला नव्हता. तो सार्वजनिक नीतिमत्ता व सदाचार ह्यांविरुद्धचा अपराध होता. म्हणजे दुखावली जाई ती समाजाची लाज, बाई नव्हे. अपराध्याने पीडितेशी विवाह केला तर अपराधच नाहीसा होत असे, आणि ही तरतूद १९८१ पर्यंत जिवंत होती. सप्टेंबर १९७५ मध्ये चिर्चेओ येथील समुद्रकाठच्या एका बंगल्यात सुखवस्तू घरांतील तिघा तरुणांनी दोन मुलींना कोंडून त्यांचे अनन्वित हाल केले. एक मेली, दुसरी मेल्याचे सोंग करून वाचली. आमचा पट ह्या घटनेवर बेतला आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तीनच वर्षांनी तिघे पुरुष व समुद्रकाठचा बंगला पडद्यावर पाहणाऱ्या इटालियन प्रेक्षकास चिर्चेओ आठवले नसेल, हे संभवत नाही. त्या वाचलेल्या मुलीने काठी उचलली नाही. ती न्यायालयात साक्षीस उभी राहिली, आणि १९७६ साली जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या.

ह्याच्या जोडीला दुसरे एक चित्र ठेवावे. १९७८ साली, म्हणजे आमच्या पटाच्याच वर्षी, लातिना येथील न्यायालयात चाललेला बलात्काराचा एक खटला सहा स्त्रियांनी चित्रित केला, आणि ‘प्रोचेस्सो पेर स्तुप्रो’ ह्या नावाने १९७९ साली तो इटालियन दूरचित्रवाणीवर दाखविला गेला. त्यात रक्ताचा थेंब नाही, सूड नाही. आरोपींचे वकील फिर्यादी मुलीच्याच चारित्र्याची चिरफाड करतात, आणि तिच्या बाजूने तीना लागोस्तेना बास्सी उभ्या राहतात, एवढेच. परंतु ते पाहून देशाला कळले की पिंजऱ्यात आरोपी असले तरी परीक्षा मुलीची चालली आहे. अखेर १९९६ साली कायदा बदलला व हा अपराध व्यक्तीविरुद्धचा ठरला. जुनी दंडसंहिता आणि ‘सातवी स्त्री’ ह्यांचे मूळ मत एकच होते: स्त्री ही व्यक्ती नसून एक निमित्त आहे. संहितेला ती समाजाच्या अब्रूचे निमित्त, पटाला प्रेक्षकाच्या करमणुकीचे. सूडाने हे मत खोडले जात नाही. मारणाऱ्या मुलीही मार खाणाऱ्या मुलींइतक्याच अनोळखी राहतात.

तर मग अशा पटांवर बंदी घालावी काय? मुळीच नाही. चित्रपटावर सरसकट बंदी घालण्याचा सरकारचा अधिकार इटलीने २०२१ च्या एप्रिलमध्ये काढून टाकला, हे उत्तमच झाले. सरकारी कात्री नीती राखते ती त्या जुन्या संहितेच्याच पद्धतीने. तिला लाज दिसते, माणूस दिसत नाही. ज्यास पाहावयाचे त्याने हा पट खुशाल पाहावा. आमचे म्हणणे एवढेच की, जे पाहिले त्याला त्याच्या नावाने हाक मारावी. दुकानास दुकान म्हणावे. त्यावर बंडाचे निशाण लावून ज्या स्त्रियांनी खरोखरच न्यायासनासमोर उभे राहून बंड केले त्यांचा वाटा हिरावून घेऊ नये. टीकाकारांचे काम मालाला लेबले चिकटविण्याचे नव्हे, लेबले सोलून काढण्याचे आहे. आणि ते त्यांनी सोडले, तर उद्या दुकानदारासच टीकाकार नेमावे, म्हणजे निदान पगार तरी वाचेल.