निळे बाळ कोणाच्या डोळ्यांना दिसते?

जन्मलेले बाळ निळे पडले की आपल्या वस्तीत आजही म्हणतात, 'मागच्या जन्माचे भोग'. मित्रांनो, हे भोग नाहीत. हा हृदयाच्या रचनेतला दोष आहे. कधी फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि हृदयाच्या पडद्याला छिद्र असते, कधी हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. ऑक्सिजन न मिळालेले रक्तच अंगभर फिरते.

अशा बाळांवरची पहिली प्रसिद्ध शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची, हात डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांचे. पण ती प्रयोगशाळेत कुत्र्यांवर पुन्हा पुन्हा करून बसवली व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने. त्या दिवशी ते ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून सूचना देत होते. आधीच्या विद्यापीठात हेच काम करताना त्यांचा हुद्दा सफाई कामगाराचा होता. शस्त्रक्रियेला नाव मिळाले दोन गोऱ्या डॉक्टरांचे. राबायचे एकाने आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता प्रश्न लाभाचा. सावळ्या बाळाचा निळेपणा चटकन दिसत नाही. जीभ आणि ओठांची आतली बाजू पाहावी लागते. काही दोषांत तर जन्मापूर्वीची एक जोडवाहिनी उघडी असेपर्यंत बाळ ठणठणीत दिसते. घरी गेल्यावर ती बंद होते आणि बाळ कोसळते. म्हणून नजरेवर विसंबून चालणार नाही. घरी सोडण्यापूर्वी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायला काही मिनिटे लागतात, सुईही टोचावी लागत नाही. आकडा वारंवार ९५ च्या खाली आला तर तज्ज्ञाकडे पाठवून हृदयाची इको तपासणी करायची. यात प्रत्येक दोष सापडत नाही, पण जिवावर बेतणारे अनेक सापडतात.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात हृदयविकार आहे. पण यादीत असणे वेगळे आणि वॉर्डात तपासणी होणे वेगळे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाची बाजू घेतली होती. बाळ-बाळंतिणीचा जीव हा दयेचा नाही, हक्काचा विषय आहे.

जयंतीला आपण रक्तदान शिबिर घेतो. यंदा आपल्या ग्रामीण रुग्णालयात निवेदनही देऊ या : इथे प्रत्येक नवजात बाळाचा ऑक्सिजन मोजला जातो का? नसेल तर कधीपासून मोजणार? उत्तर लेखी घ्या.

जय भीम!