हेडफोनची तार आणि जडवस्तूंची नोंदवही

१४ एप्रिलची भीमगीते उरकली, १ ऑगस्टच्या अण्णा भाऊंच्या गीतांची घाई ओसरली, आणि गणपतीची व त्यामागोमाग माहूरच्या रेणुकेची गीते तोंडावर आली, की आमच्या दप्तरी वाचकांच्या पत्रांची आवक वाढते, हा दरवर्षीचा मामूल आहे. परंतु यंदा नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतून आलेली पत्रे एकापुढे एक ठेवून पाहता, ज्यांनी कर्ज काढून मायक्रोफोन घेतले, भिंतींना फोम चिकटविला आणि संगणकावर सॉफ्टवेअरच्या नवनव्या आवृत्त्या चढविल्या, त्या आमच्या व्यवसायबंधूंपैकी पुष्कळांचे घोडे अखेर हेडफोनच्या तारेपाशी अडले आहे, असे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते.

सर्वाधिक पत्रांतील तक्रार एकच आहे. मुद्रण चालू असता गायकाचा आवाज हेडफोनमधून एकाएकी नाहीसा होतो; ढोलकी दूरवर वाजल्यासारखी वाटते, रिव्हर्ब मात्र भरपूर ऐकू येतो, आणि तार हलविली की क्षणभर सर्व पूर्ववत होते. हे शेवटचे लक्षण स्वतःच्या हस्ताक्षरात लिहूनही एका वाचकाने ड्रायव्हर बदलला, दुसऱ्याने विंडोज नव्याने चढविले, आणि तिसऱ्याने तर इंटरफेस पिशवीत घालून हैदराबादेस कोठीच्या गुजराती गल्लीपर्यंत वारी केली. टिप, रिंग व स्लीव्ह यांची कामे वाचकांस सांगणे नलगे. स्लीव्हचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सामायिक परतीच्या तारेचा, सांधा सुटला की डावा व उजवा असे दोन्ही ड्रायव्हर एकमेकांशी एकसरीत जोडले जातात आणि कानास केवळ दोन बाजूंतील फरक तेवढा पोचतो. गायकाचा आवाज मध्यभागी, अर्थात दोन्ही बाजूंस सारखाच असल्याने तो परस्पर वजा होतो व बाजूंना पसरलेला रिव्हर्ब शिल्लक राहतो. एखादा मोनो ट्रॅक बरोबर मध्यावर ठेवून वाजवावा. तो जवळजवळ मुका झाला तर दोष पिनेत, सॉकेटमध्ये अथवा पिनेच्या मानेपाशी पिचलेल्या तारेत आहे असे निःशंक समजावे. ज्याच्या घरी मल्टिमीटर व डाग देण्याची कांडी आहे त्याने यासाठी परगावी जाण्याचे कारण नाही. आणि जो स्वतःस ध्वनिमुद्रक म्हणवितो त्याच्या घरी ही दोन्ही साधने का नसावीत, याचे उत्तर एकाही पत्रात आम्हांस सापडले नाही.

खरखर व गुणगुण यांची गल्लतही आता थांबली पाहिजे. खरखर तारेची असेल, परंतु ५० हर्ट्झची अखंड गुणगुण हेडफोनच्या तारेतून क्वचितच येते, कारण हेडफोन आउटचा अवरोध इतका अल्प असतो की शेजारून गेलेल्या विजेच्या वायरीचा उपसर्ग तिला सहसा पोचत नाही. शोध घ्यावयाचा तो मायक्रोफोनच्या केबलचा, लॅपटॉपच्या ॲडॅप्टरचा आणि सर्वांआधी अर्थिंगचा. आमच्या काळ्या जमिनीस मे महिन्यात हातभर भेगा पडतात, अर्थिंगच्या खड्ड्यातील माती पट्टीपासून सुटते, आणि मृगापर्यंत त्या खड्ड्यात कोणी तांब्याभर पाणी ओतीत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी ज्या लातूर शहरात आली, तेथे पिण्याचे पाणी खड्ड्यात ओतण्याचा उपदेश उन्हाळ्यात करणे शोभणार नाही, हे आम्ही जाणतो. हात धुतल्याचे पाणी तरी त्या खड्ड्याकडे वळवावे, एवढीच विनंती. मात्र गुणगुण जाते म्हणून तीन पिनांच्या प्लगाची मधली पिन कापून टाकणारे जे महाभाग आहेत, त्यांच्या पत्रांस यापुढे उत्तर दिले जाणार नाही. गायकाच्या ओठांपाशी धातूचा मायक्रोफोन असतो, हे त्यांस निराळे सांगावे काय?

आता मांडणीविषयी. या विषयावरील परदेशी पुस्तके व चित्रे गायक उभा असतो व वादक खुर्चीवर बसतो असे गृहीत धरून चालतात. आपल्याकडे मात्र भजनी मंडळ असो, भीमगीतांचा संच असो वा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील कीर्तनी जथा असो, सतरंजीवर मांडी घालून बसण्याची रीत आहे, आणि त्या रीतीने तारेचा सगळा हिशेब पालटतो. बहुतेक स्टुडिओ हेडफोनांची तार डाव्या कानाच्या वाटीतून निघते, आणि पेटीवाल्याचा डावा हात तर भात्यावर असतो. सबब दर आवर्तनाला ती तार भात्यात अडकते, ओढली जाते, आणि सहा महिन्यांत मानेपाशी पिचते. ती खांद्यावरून पाठीमागे घेऊन सदऱ्याच्या कॉलरीस चिमट्याने अडकवावी, म्हणजे हाताचा मार्ग मोकळा राहील व कापडावर घासणाऱ्या तारेचा खसखसाटही मायक्रोफोनपर्यंत जाणार नाही. तबलजीचे दोन्ही हात पुढे असतात, त्यालाही हीच युक्ती लागू पडते. जोडटाळ वाजविणाऱ्यास मात्र त्याच खोलीत, त्याच वेळी बसवू नये. टाळांच्या आवाजावर तारेचा कोणताही बंदोबस्त चालत नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत जो तो प्रथम टेबल ठेवितो, टेबलावर इंटरफेस ठेवितो, आणि मग इंटरफेसच्या पुढील सॉकेटातून निघालेली तीन मीटरची तार खोलीच्या मधोमध जमिनीवरून गायकापर्यंत ताणतो. चहा घेऊन आत येणाऱ्या मुलाचा पाय तीत अडकला की साडेतीन मिलिमीटरची पिन, तिच्यावर चढविलेले पाव इंचाचे लांब कन्व्हर्टर आणि इंटरफेसच्या पाटीवर डाग देऊन बसविलेले नाजूक सॉकेट, या तिघांत तरफेचे सर्व बळ सॉकेटावर येते व ते उचकटते. यावर उपाय म्हणजे खोलीची आखणी टेबलापासून न करता बैठकीपासून करणे. गायक व वादक कोठे बसतील ते खडूने आखावे. त्यांच्या पाठीमागे, भिंतीच्या बुडाशी, चार जणांचा हेडफोन ॲम्प्लिफायर ठेवावा. इंटरफेसपासून तेथवर एकच लांब केबल भिंतीच्या कडेने, पट्टीखालून न्यावी. आणि तेथून पुढे ज्याच्या त्याच्या पुरत्या आखूड तारा सोडाव्यात. मग कोणाचा पाय अडकला तरी हलेल तो ॲम्प्लिफायर, इंटरफेस नव्हे. विजेच्या वायरी एका भिंतीने व ध्वनीच्या दुसऱ्या भिंतीने जाव्यात, आणि जेथे त्या भेटणे अटळ आहे तेथे काटकोनात भेटाव्यात. किल्लारीच्या भूकंपानंतर उभारलेल्या पुनर्वसित गावांतील अडीचशे चौरस फुटांच्या घरातही ही मांडणी बसते.

स्प्लिटरविषयी आम्ही पूर्वी लिहिले असूनही ज्यांनी वाचले नाही, अथवा वाचून मनावर घेतले नाही, त्यांच्यासाठी पुन्हा थोडक्यात लिहितो. ३२ ओहमचे दोन हेडफोन एका स्प्लिटरवर लाविले की इंटरफेसपुढे १६ ओहमचा भार उभा राहतो. त्याच स्प्लिटरवर एक ३२ चा व दुसरा २५० चा लाविला, तर पहिल्याच्या कानठळ्या बसतात व दुसरा आवाज वाढवा म्हणून ओरडतो. बिनतारी हेडफोनांनी तारेचा प्रश्नच मिटेल अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी ब्लूटूथमधून सामान्यतः सेकंदाच्या दशांशापासून पंचमांशापर्यंत विलंब होतो, हे ध्यानी घ्यावे. म्हणजे गायकास पन्नास मीटर दूर उभ्या असलेल्या ढोलकीवर गा म्हणण्यातलाच तो प्रकार होय.

हे सर्व खासगी घरांतील झाले. ज्या पत्रामुळे हे संपादकीय लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो, ते मात्र याच भागातील एका अनुदानित संस्थेतील संगीतशिक्षकाचे आहे. संस्थेचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण पत्रलेखकास तेथेच नोकरी करावयाची आहे. पाठांच्या ध्वनिमुद्रणासाठी संस्थेने काही हेडफोन घेतले. ते निवडताना त्या शिक्षकाने दूरदृष्टी दाखवून, सोनीच्या ७५०६ सारखा तार कायमची जोडलेला नमुना न घेता, ऑडिओ-टेक्निकाच्या एम ५० एक्स सारखी तार सुटी होणारा घेतला. तार तुटली तर तार बदलू, हेडफोन वाचेल, असा त्याचा साधा हिशेब होता. वर्षाच्या आत एकाची तार तुटली. नवी तार घेण्यासाठी अर्ज केला असता कारकुनाने जडवस्तूंची नोंदवही उघडून दाखविली. तीत ‘हेडफोन, नग’ एवढीच नोंद असून तारेचा उल्लेख नाही, सबब जी वस्तू दप्तरी अस्तित्वातच नाही ती बदलता येत नाही, असा शेरा पडला. उपभोग्य वस्तू म्हणून तरी घ्या, असे सुचविले. तर उपभोग्य वस्तूंच्या यादीत खडू, शाई, झाडू व फिनेल आहे, तार नाही. दुरुस्ती म्हणून घ्या, तर दुरुस्तीची तरतूद यंत्रांपुरती, आणि हेडफोन यंत्र आहे की नाही याविषयी वरिष्ठांचे मार्गदर्शन मागवावे लागेल. शिवाय तीन दरपत्रके हवीत. एवढ्या लहान रकमेचे दरपत्रक टंकून, शिक्का मारून द्यावयास बाजारात एकही दुकानदार राजी झाला नाही, आणि त्याला आम्ही दोष देणार नाही.

येथवर सारे मामुली होते. पुढे कोणा चतुर माणसाने सल्ला दिला की हेडफोन समग्रच निर्लेखित करावा व नवा मागवावा. म्हणजे काही रुपयांच्या तारेसाठी हजारोंचा हेडफोन भंगारात घालावा. निरुपाय म्हणून शिक्षकाने तोही प्रस्ताव केला. निर्लेखनास तांत्रिक दाखला लागतो. दाखला देण्यास जो तंत्रज्ञ आला तो दुर्दैवाने प्रामाणिक निघाला, आणि त्याने लिहिले की तार बदलल्यास वस्तू पूर्णतः वापरण्यायोग्य आहे. वापरण्यायोग्य वस्तू निर्लेखित करता येत नाही, हा नियम सर्वश्रुत आहे. अशा रीतीने तो हेडफोन दुरुस्त होईना आणि मोडीतही निघेना. तो कपाटात कुलूपबंद झाला, आणि वार्षिक पडताळणीत त्याच्यापुढे ‘सुस्थितीत’ असा शेरा पडला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामी अमलातून मुक्त झाला. त्या अमलातील पेशकारांस आपण आजवर नावे ठेवीत आलो आहोत, परंतु हा तामिलीचा नमुना पाहून त्यांनीही तोंडात बोट घातले असते.

या कारभारावर एक उत्तर नेहमी मिळते, की नियमांपुढे इलाज नाही. परंतु केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमावलीतील १५४ व्या नियमाने, मूळ मसुद्यातच, पंचवीस हजार रुपयांपर्यंतची किरकोळ खरेदी दरपत्रकांवाचून, अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर करण्याची मुभा दिली आहे. तो नियम या संस्थेस लागू नाही, हे आम्ही जाणतो. तथापि दिल्लीचा अर्थविभाग आपल्या अधिकाऱ्यावर पंचवीस हजारांचा विश्वास टाकतो आणि आमच्याकडील संस्थेचा कार्यालयप्रमुख आपल्या शिक्षकावर एका तारेचा विश्वास टाकीत नाही, याची लाज वाटण्यास कोणताही नियम आड येत नाही.

दोष एकट्या कारकुनाचाही नाही. खरेदीची मागणी लिहिणारे आपणच आहोत, आणि आपण तारेस वस्तू म्हणून मोजलेच नाही. घरच्या वहीत नाही, तशी सरकारी वहीतही नाही. म्हणून जे वाचक शाळा, महाविद्यालये वा संस्थांतून काम करितात त्यांस आमचे आग्रहाचे सांगणे आहे: पुढील मागणीपत्रात हेडफोन एका ओळीत व सुट्या तारा दुसऱ्या ओळीत, उपभोग्य वस्तू या सदराखाली, प्रत्येक हेडफोनमागे दोन याप्रमाणे लिहा, पिना, कन्व्हर्टरे व डागाची तार तिसऱ्या ओळीत लिहा, आणि मंजुरीच्या वेळी कोणी ती ओळ खोडू लागला तर वरील शिक्षकाची हकिगत त्यास वाचून दाखवा. जे घरी काम करितात त्यांनी गावातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणारा एखादा मुलगा गाठावा, त्याच्याकडून डाग द्यावयास शिकावे, आणि शिकविल्याबद्दल त्याला योग्य ते पैसे द्यावेत. फुकट राबवून घेऊ नये. तारा कोपरावर गुंडाळण्याची सवयही सोडावी. एक वेटोळे सरळ व दुसरे उलटे घालून ठेवलेली तार पिळा न पडता सुटते, आणि हे अंगवळणी पडावयास एक संध्याकाळ पुरते.

आणि ज्यांनी आपल्या लहान खोलीत तारांची चांगली व्यवस्था लाविली आहे, त्यांनी तिचा नकाशा, खोलीच्या मापांसह, साध्या कागदावर पेन्सिलीने काढून आमच्याकडे धाडावा. छायाचित्रे नकोत, त्यांत तारा दिसत नाहीत, फोम तेवढा दिसतो. पोळ्यापर्यंत हाती येतील त्यांतील निवडक नकाशे पुढील अंकी छापले जातील.